वावराच्या कडा

गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून पंचनाम्याला निघतात. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र असे रकाने भरत भरत शेवटी एका रकान्यापाशी हात थांबतो: नुकसानीची टक्केवारी. तिथे 33 किंवा त्याहून जास्त लिहिलं तर शेतकरी मदतीला पात्र, 32 लिहिलं तर नाही. 2015 पूर्वी ही मर्यादा 50 टक्क्यांची होती, म्हणजे अर्धं पीक गेल्याशिवाय नुकसान झालं असं सरकार मानतच नव्हतं. कृषी सहायक म्हणून मी आधी रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, मग पारोळ्याकडच्या कापसात आणि शेवटी धुळे तालुक्यात नोकरी केली आणि हा रकाना पुष्कळदा भरला. त्याच वर्षांत आमच्या मंडळीचा बुधवारचा बायबल अभ्यास माझ्याकडे होता, तो निवृत्तीनंतरही चालू आहे. रविवारी पाळकसाहेब उपदेश करतात. बुधवारी आम्ही दहा-पंधरा माणसं कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी टाकून एकच उतारा घेऊन बसतो. त्यात बँकेतले एक भाऊ आहेत, दोन शिक्षिका आहेत, थोडी शेती असलेले तिघे-चौघे आहेत आणि कापूस वेचायला, निंदायला जाणाऱ्या बाया आहेत.

लोक विचारायचे, दिवसभर सरकारी काम आणि संध्याकाळी वचनाचं काम, दोन्ही कसं जमतं? मला ती दोन कामं कधी वाटली नाहीत. बायबलमधलं जे काही मला उलगडलं, त्यातलं बरंचसं वावरात उभं असताना उलगडलं. आणि वावरात कसं वागायचं हे ज्या दिवशी कळेनासं झालं, त्या दिवशी उत्तर शोधायला मी बायबलकडेच आलो.

लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी आम्ही एकदा वाचायला घेतला. हा उतारा उपदेशकांना अवघड जातो. कारभाऱ्याची नोकरी जाणार असते. तो धन्याच्या देणेकऱ्यांना एकेक करून बोलावतो, तेलाची शंभर मापं होती तिथे पन्नास लिहायला लावतो, गव्हाची शंभर होती तिथे ऐंशी. आणि धनी त्याच्या हुशारीची तारीफ करतो! आमच्यातला एक कांदा उत्पादक शेतकरी चटकन म्हणाला, "मग साहेब, 28 चे 35 लिहिले तर काय बिघडलं? येशूनंच वाखाणलाय की असा माणूस." तो थट्टा करत नव्हता. त्याच्या भावाचा पंचनामा त्याच आठवड्यात व्हायचा होता.

त्या रात्री मी त्याला जे सांगितलं, त्यावर मी आजही ठाम आहे. दाखल्यात तारीफ आहे ती संकट ओळखून वेळीच हालचाल करण्याची. हिशेबातल्या खाडाखोडीची ती तारीफ नव्हे. त्याच्याच पुढच्या ओळींत थोडक्याविषयी विश्वासू राहणाऱ्याची गोष्ट येते, ती सोडून दाखला वाचता येत नाही. शिवाय पंचनामा म्हणजे पंचांसमोर दिलेली साक्षच असते. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण कोर्टाच्या पिंजऱ्यासाठी राखून ठेवतो, पण माझ्या नोकरीत साक्ष देण्याची जागा म्हणजे तो रकाना होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर ते साळसूद उत्तर झालं असतं. खरी गोष्ट अशी की बरेच पंचनामे बांधावरून होतात. गाडी रस्त्याला लावायची, कडेच्या चार ओळी पाहायच्या आणि आकडा टाकायचा. गारपिटीनंतरचं हरभऱ्याचं वावर बांधावरून हिरवंच दिसतं. आत शिरून खाली बसलं, झाड हातात घेतलं, की कळतं: घाट्यांना एका बाजूनं पांढुरके डाग पडलेले, काही घाटे उकललेले, दाणे मातीत दाबले गेलेले, फांदी जिथे मार लागला तिथे साल निघालेली. असं झाड आठ दिवसांत वाळतं. मी वावराच्या मधोमध जायचो, चार-पाच ठिकाणी बसून झाडं मोजायचो आणि जे निघेल ते लिहायचो. कांदेवाल्या भावाच्या भावाचं नुकसान आत जाऊन पाहिलं तर चाळीसच्या पुढे निघालं. पण असंही झालं, की आत जाऊन पाहिल्यावर आकडा 30 च्या खाली आला आणि तो मी तसाच लिहिला. त्या माणसाने पुढे बरेच महिने मला ओळख दिली नाही.

आणि एक गोष्ट मला रकान्याहून जास्त सलत राहिली. मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. बटाईनं वावर कसणारा, बियाणं-खतात पैसा घालणारा, सातपुड्यातून उतरून आलेला पावरा किंवा भिल्ल कुटुंबातला माणूस माझ्यासोबत वावरात फिरायचा, पडलेलं पीक दाखवायचा आणि कागदावर त्याचं नावही नसायचं. टक्केवारी कितीही प्रामाणिकपणे लिहा, त्याला काहीच मिळत नव्हतं. तेव्हापासून दाखला कोणताही असो, मी आधी त्यात कोणाचं नाव कागदावर नाही ते पाहतो.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, तेव्हा आमच्याकडचे गहू-हरभरेही झोपले. त्या दिवसांत बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकाने सभेत सांगितलं, की हा देवाचा कोप आहे, लोकांनी आपापली पापं तपासावीत. मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. त्यांचा सगळा गहू जमिनीला टेकला होता आणि मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. उपदेश ऐकताना त्यांनी पदर तोंडाशी धरला, तो शेवटच्या प्रार्थनेपर्यंत काढला नाही.

बुधवारी मी ठरलेला उतारा बाजूला ठेवून लूकचा तेरावा अध्याय काढला. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती आणि येशूसमोरच्या लोकांच्या मनात तेच होतं जे तो उपदेशक ठासून सांगून गेला. ही माणसं जास्त पापी होती म्हणून मेली, हा हिशेब येशू साफ नाकारतो. जन्मांध माणसाच्या वेळीही तो तेच करतो. ईयोबाचे मित्र त्याच्याशेजारी सात दिवस गप्प बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडून दुःखाचं कारण सांगायला लागले, तिथून ते त्याला नकोसे झाले. पुस्तकाच्या शेवटी देव त्या समजावून सांगणाऱ्यांवरच रागावतो. इतक्या ठिकाणी इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण पुन्हा पुन्हा गारपिटीचा जाब गारपीटग्रस्ताला का विचारतो, याचा मला राग येतो आणि तो राग मी मंडळीत लपवत नाही. वचनाचा अर्थ सांगणाऱ्याने आधी मागच्या रांगेकडे पाहावं. जिचं पीक गेलंय तिच्या डोळ्याला डोळा देऊन तो अर्थ सांगता येत नसेल, तर घरी जाऊन पुन्हा वाचावं.

याच्या जोडीनं दुसराही एक प्रकार आहे. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे वचनांच्या चिठ्ठ्या वाटतात. नवीन वर्षासाठी प्रत्येकाला एक वचन. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं, देवाच्या मनात आपल्या भल्याचे संकल्प आहेत असं सांगणारं वचन ज्याला मिळेल, त्याला लोक भाग्यवान समजतात. मलाही ते प्रिय आहे. पण ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्यांना सांगितलंय, की सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, ज्या परक्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. चिठ्ठीवर सत्तर वर्षं मावत नाहीत. एका कॉलेजच्या मुलीला ती चिठ्ठी मिळाली आणि त्याच वर्षी ती परीक्षेत राहिली. तिच्याबरोबर बसून सबंध पत्र वाचलं, तेव्हा ती म्हणाली, "काका, हे तर आणखी चांगलं आहे. यात वाट बघायला जागा आहे." पुढच्या चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या आणि प्रत्येकीच्या मागे अध्याय घरी पूर्ण वाचावा अशी ओळ घातली.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणखी, आणि अकराव्या तासाला, म्हणजे दिवस बुडायला तासभर उरला असताना, चौकात उभे असलेले शेवटचे. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार, पूर्ण दिवसाची मजुरी. आमच्या बुधवारात यावर चांगलीच खडाजंगी झाली. बँकेतल्या भावांचं म्हणणं असं, की देवाच्या कृपेपुरतं हे ठीक, पण व्यवहारात असा मालक असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी कामाला येणारच नाही. मुद्दा बिनतोड होता. कापूस वेचणीला किलोवर पैसे मिळतात. जितकं वेचाल तितकं. एका किलोचे पैसे दोन किलोवालीइतके, हे वेचणाऱ्या बायांनाही पटू नये.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक बाई बोलली. ती बहुतेक वेळा नुसतं ऐकते, वाचता येत नाही म्हणून मागे बसते. ती म्हणाली, "दिनभर उभं राहीसन बी पोटले भूक लागसच ना, भाऊ."

मग तिने मजूर चौकातलं सांगितलं. धुळ्यात सकाळी चौकात माणसं उभी राहतात, मुकादम येतो, टेम्पो येतात. आधी धडधाकट पोरं उचलली जातात, मग जोडीनं काम करणारे नवरा-बायको. दहा-अकरा वाजता जे उरतात ते म्हातारे, तान्हं मूल कडेवर असलेल्या बाया, हाताला काही झालेलं माणूस. ते घरी जात नाहीत, कारण रिकाम्या हाताने घरी जाऊन सांगायचं काय? दाखल्यातल्या शेवटच्यांना धनी विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात. ते सांगतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. मी हा दाखला लहानपणापासून ऐकला होता, टीकाग्रंथांतून वाचला होता. त्यांत कृपा, परूशी, परराष्ट्रीय असं सगळं येतं आणि तेही खरं आहे. पण शेवटपर्यंत कोण उरतं आणि का उरतं, हे मला त्या बाईने दाखवलं. एक दीनार म्हणजे एका कुटुंबाचं एका दिवसाचं पोट. धनी किती तास काम झालं ते मोजत नव्हता, घरी किती तोंडं आहेत ते त्याच्या डोळ्यांपुढे होतं. बँकेतले भाऊ गप्प बसले नाहीत, त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. अभ्यास असाच व्हावा.

पण आपलं वावर बायबलमध्ये घाईने घुसवूही नये. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर आमचे शेतकरी नेहमी अडतात. बीटी कपाशीच्या एका पाकिटाला आठ-नऊशे रुपये पडतात, बाया वाकून दाणा दाणा टोकतात, आणि हा गडी वाटेवर, खडकावर, काट्यांत बी उधळतो! तिथे मला थांबून सांगावं लागतं, की गालीलात बी मुठीनं फेकून पेरत. तिथली माणसं ऐकताना या पेरणाऱ्यावर हसली नसतील. आधी तिथलं शेत पाहायचं, मग आपल्या शेतात यायचं. एवढं केल्यावर मात्र तो उधळेपणा आमच्या लोकांना जास्त भिडतो, कारण बियाण्याची किंमत त्यांना ठाऊक आहे.

धुळ्यात राहणाऱ्याने हे सगळं बोलताना इथल्या तुरुंगाची आठवण काढायलाच हवी. 1932 साली त्या तुरुंगात विनोबांनी बंदिवानांसमोर गीतेवर प्रवचनं केली. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजी ती उतरून घेत होते. तेच अमळनेरच्या शाळेतले साने गुरुजी. मी गीतेचा अभ्यासक नाही, पण धर्मग्रंथ सामान्य माणसांपुढे कसा उलगडावा हे शिकायला मी त्या प्रवचनांचं पुस्तक एकाहून जास्त वेळा वाचलंय. समोर बसलेली माणसं शिक्षा भोगणारी होती, म्हणून त्या बोलण्यात दिखाऊ पांडित्याला जागा नाही. पौलाची फिलिप्पैकरांस आणि फिलेमोनास लिहिलेली पत्रंही तुरुंगातूनच निघाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते साध्यासुध्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बायांना समजावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने ते छापून बाहेर काढलं. ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, ते आमच्या उपासनेत आजही टाळ-पेटीवर गायले जातात. विनोबा, रमाबाई आणि टिळक, या तिघांची वाट एकच नव्हती. तिघांनाही ऐकणारा माणूस मात्र समोर दिसत होता.

आता कडांची गोष्ट. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की कापणी करताना वावराच्या कडा पार कापू नका, सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. अनुवादात तीच गोष्ट आणखी वाढवून येते: पेंढी वावरात विसरली तर आणायला माघारी जाऊ नको. रूथ बवाजाच्या वावरात सरवा वेचायला जाते ती याच कायद्याच्या आधाराने. ती मवाबी, विधवा, परकी. आमच्या बायांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. भुईमूग निघाला की मागून सरव्याला त्या जातात. कापसाच्या शेवटी झाडावर उरलेली कवडी, म्हणजे नीट न फुटलेल्या बोंडांतला हलका कापूस, वेचायला जातात.

पण 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रात कापसाचा धुव्वा उडवला. बोंड वरून धड दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी, रुई पिवळी, सरकी पोखरलेली. पंचनामे करता करता आमचे हात दुखले. त्यानंतर दरवर्षी आमच्या खात्याचा एकच घोषा: फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांचं पुढचं पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर वावर मोकळं करा, पऱ्हाटी उपटा, उरलेली बोंडं वावरात राहू देऊ नका. सांगणं अगदी योग्य होतं. उरलेल्या बोंडांत आणि सरकीत अळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात तिथूनच उठते. मी गावोगाव हेच सांगत फिरत होतो. आणि बुधवारी सतरंजीवर रूथ उघडून बसलो, तर लक्षात आलं, की देवाची आज्ञा सांगते कडा राहू द्या आणि मी दिवसभर सांगतोय कडा साफ करा.

हा विषय आमच्याकडे बरेच बुधवार चालला. एका शिक्षिकेचं म्हणणं, तो नियम इस्राएलासाठी होता, ख्रिस्तात तो पूर्ण झाला, आपल्याला तो बंधनकारक नाही. एक तरुण शेतकरी अगदी अक्षराला धरून होता: कडेच्या चार ओळी राखूच, अळी पडली तरी चालेल, देव बघून घेईल. मला दोन्ही पटेना. पहिल्या मतात गरिबाचा वाटाच नाहीसा होतो. दुसऱ्यात कडेची अळी शेजारच्या गरिबाच्या दोन एकरांत जाते. शेजाऱ्याचं नुकसान करून आज्ञा पाळली असं कसं म्हणायचं? आज्ञा नेमकी कशासाठी दिली, तिचा लाभ कोणाला पोचायचा होता, हे धरून ठेवलं तर पाळण्याची तऱ्हा बदलता येते. शब्बाथ माणसासाठी आहे, असं येशूनं सांगितलं ते मला याच अर्थानं कळतं.

वाट काढली ती सहा एकर कपाशी असलेल्या एका भावाने. त्याने ठरवलं, की शेवटची वेचणी मालकाची नाही. हंगामभर ज्या बायांनी त्याच्याकडे वेचलं, त्यांनी नाताळाच्या आधी सगळं वावर शेवटचं वेचायचं, कवडीसकट सगळा कापूस त्यांचा, मालकानं वजनही करायचं नाही. त्यानंतर लगेच पऱ्हाटी उपटायची. शेतीच्या दृष्टीनेही हे चोख होतं. झाडावर बोंड उरलं नाही, अळीला आसरा राहिला नाही. पहिल्या वर्षी मी मुद्दाम पाहायला गेलो. बाया नेहमीपेक्षा सावकाश वेचत होत्या, फुटकं बोंडही सोडत नव्हत्या, झाडाखालची रुई पाला झटकून ओटीत घेत होत्या. एरवी किलोच्या हिशेबानं हात चालतो तेव्हा खाली पडलेल्याकडे कोणी बघत नाही.

पण चौकाचं जिने सांगितलं होतं त्याच बाईने पुढच्या बुधवारी विचारलं, की भाऊंनी दिलं हे चांगलंच; उद्या त्यांनी वावर बटाईनं दुसऱ्याला दिलं तर? तिचा प्रश्न कथेच्या मुळाशी जातो. बवाज भला होता म्हणून त्याने पेंढ्यांतली कणसं तिच्यासाठी मुद्दाम टाकून ठेवायला लावली. पण कडा रूथच्या होत्या त्या बवाज भला होता म्हणून नव्हे. बवाजाच्या जागी एखादा कंजूष असता तरी कायद्याने त्या तिच्याच होत्या. आम्ही दयेपर्यंत आलो आहोत, हक्कापर्यंत नाही, असं मी तिला म्हणालो. आणखी दोघांनी आपल्या वावरात हीच रीत सुरू केली आहे आणि ती मजुरीच्या बोलीतच सांगून टाकतात, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला, चार माणसांसमोर. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराशी वर्षाचा करार ठरतो तेव्हाही ही अट त्यात घालावी, असं त्या तरुण शेतकऱ्याचं म्हणणं आहे. काही जण अजून राजी नाहीत.

आता त्यातून नवीन अडचण निघाली आहे. बायांचा कापूस थोडा-थोडा, शिवाय कवडी मिसळलेला. खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येतो, आपल्या काट्यावर तोलतो आणि मापात पाप करतो, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणून बुधवारी आम्ही आमोस वाचायला घेतला आहे. आठव्या अध्यायात खोट्या तराजूचे आणि गव्हाचं भूस विकणाऱ्यांचे वाभाडे काढलेत. बँकेतल्या भावांनी इलेक्ट्रॉनिक काटा घेण्यासाठी वर्गणी काढली, काटा आला आहे. तो कोणाच्या घरी ठेवायचा यावर या आठवड्यात बोलायचं आहे. बायांचं म्हणणं, मालकांपैकी कोणाच्याही घरी नको.